हवाई दलाची संघसंस्कृती आणि वऱ्हाडातील संस्था : प्रस्तावना

लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये बहुधा एक किंवा दोन माणसे असतात. पण ते विमान त्यांच्या बळावर धावपट्टी सोडत नाही. इंजिन, सांगाडा, वीजयंत्रणा, उपकरणे आणि शस्त्रे तपासणारे वेगवेगळे तंत्रज्ञ, हवामान सांगणारा अधिकारी, रडारवर बसून दिशा देणारा नियंत्रक, इंधनाचा टँकर आणणारा चालक आणि शेजारून उडणारा विंगमन, इतक्या जणांची कामे एकमेकांत नीट बसली तरच सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण मोहीम, पार पडते. ही कामे सांधणारी रीत हवाई दलांनी गेल्या शतकात, पुष्कळदा माणसे गमावून, घडवली आहे. तिचे चार टप्पे आहेत : आखणी, उड्डाणाआधीचे ब्रीफिंग, उड्डाण आणि उतरल्यानंतरची चर्चा, म्हणजे डीब्रीफिंग. पहिले तीन कोणत्याही बऱ्या संस्थेत थोडेफार सापडतात. चौथा बहुतेक ठिकाणी नसतो, आणि हवाई दलाची ताकद मुख्यतः त्या चौथ्यात आहे.

लष्कराकडून नेतृत्व शिकायचे म्हटले की बाहेरच्यांच्या डोळ्यांसमोर कवायत, गणवेश, कडक आवाज आणि वरिष्ठाचा शब्द झेलणारे कनिष्ठ येतात. शाळा, कारखाने, कार्यालये याच गोष्टी उचलू पाहतात. सकाळी रांगा लागतात, हजेरी काटेकोर होते, साहेबांसमोर टाचा जुळतात आणि काम मात्र होते तसेच राहते. उचलण्याजोगी गोष्ट नेमकी उलट्या बाजूला आहे. उड्डाणाच्या बाबतीत हवाई दलाने हुकमाला मर्यादा घातल्या, कनिष्ठाच्या शब्दाला कार्यपद्धतीत पक्की जागा दिली आणि चूक सांगणे हा नोकरीचा भाग केला. इतर संस्थांनी, विशेषतः वऱ्हाडातल्या रुग्णालयांनी, जिनिंग कारखान्यांनी, बांधकाम आणि बचावकार्य करणाऱ्या पथकांनी यातले काय घ्यावे आणि काय सोडावे, हा या विवेचनाचा विषय आहे.

विमानविद्या आता वऱ्हाडाला परकी राहिलेली नाही. अकोल्याजवळचा शिवणीचा विमानतळ १९४३ सालचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. त्याच्या धावपट्टीच्या विस्ताराचा आणि त्यासाठी लागणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न अकोलेकरांच्या चांगला परिचयाचा आहे. अमरावतीजवळ बेलोरा येथे १८५० मीटर लांबीची धावपट्टी तयार झाली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे पहिले प्रवासी विमान तेथे उतरले. त्याच बेलोऱ्यात वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली. योजना ३४ प्रशिक्षण विमानांची आणि वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची आहे. पूर्वेला नागपुरात भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे. पश्चिमेला नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमाने बांधणारा कारखाना आणि त्यांची मोठी दुरुस्ती करणारा डेपो आहे. दक्षिणेला, मराठी बोलणाऱ्या सीमाभागाला लागून असलेल्या बीदरला, नऊ विमाने एकमेकांपासून काही मीटरवर उडवणाऱ्या सूर्यकिरण पथकाचा तळ आहे. ही संस्कृती जाऊन पाहता येईल इतक्या अंतरावर आहे.

तिचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोतील राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान चाचणी उड्डाणात वर चढताच कोसळले. चालवणारे मेजर प्लॉयर हिल अत्यंत अनुभवी वैमानिक होते. विमानात बिघाड नव्हता. जमिनीवर उभे असताना नियंत्रक पंखांना लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. इतके गुंतागुंतीचे यंत्र कितीही हुशार माणसाच्या केवळ स्मरणावर सोपवता येत नाही, हे त्या अपघाताने दाखवले आणि त्यातून वैमानिकाच्या हातात चेकलिस्ट आली. हेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने उडाले. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांना हवाई झुंजीत अपेक्षेपेक्षा फार कमी यश मिळू लागले, तेव्हा १९६९ मध्ये मिरामार येथे ‘टॉपगन’ म्हणून प्रसिद्ध झालेली शाळा निघाली. तिथे प्रत्येक झुंजीनंतर तिचा क्षणाक्षणाचा हिशेब मांडत. आधी शत्रूची सुमारे दोन विमाने पाडताना आपले एक जात असे; शाळेनंतरच्या काळात ते प्रमाण बारास एकच्या आसपास गेले. भारतीय हवाई दलाने डावपेचांचा असाच अभ्यास करणारे केंद्र १९७१ मध्ये सुरू केले. ‘टॅकडी’ या नावाने ओळखले जाणारे ते केंद्र आज ग्वाल्हेरला आहे.

डीब्रीफिंग या टप्प्यावर मात्र सावकाश थांबायला हवे, कारण बाहेरून तो एखाद्या बैठकीसारखा दिसतो आणि आतून फार वेगळा असतो. चार विमाने सराव करून उतरली की वैमानिक आधी तंत्रज्ञांना विमानाबद्दल सांगतात, मग एका खोलीत जमतात. ब्रीफिंगमध्ये ठरलेले उद्दिष्ट फळ्यावर असते. चर्चा उड्डाण चांगले झाले की वाईट, अशी सुरू होत नाही. काय ठरले होते, काय घडले आणि फरक नेमका कोणत्या क्षणी पडला, या क्रमाने ती जाते. पुराव्याला विमानातील चित्रफीत असते, रेडिओवरचे बोलणे असते, नियंत्रकाच्या नोंदी असतात. त्यामुळे ‘मला असे वाटले’ आणि ‘असे झाले’ यांतले अंतर सर्वांना दिसते. ही चर्चा नीट चालते तिथे लीडर स्वतःच्या चुकांपासून सुरुवात करतो : वळण उशिरा दिले, इशारा अस्पष्ट होता, इंधनाचा आकडा विचारायचा राहिला. त्याने असे म्हटल्यावर सर्वांत कनिष्ठ वैमानिकालाही आपली चूक सांगायला जड जात नाही, आणि लीडरची त्याने न सांगितलेली चूक दाखवायलाही तो धजावतो. त्या खोलीत खांद्यावरच्या पट्ट्या बाजूला राहतात. दार उघडले की सलाम पुन्हा सुरू होतो.

या पद्धतीचे दुसरे अंग म्हणजे मूळ कारणापर्यंत जाणे. विंगमन मागे पडला, ही केवळ घटना झाली. तो मागे का पडला? वळणाचा इशारा ऐकू आला नाही. का? त्याच क्षणी दुसरे कोणी रेडिओवर बोलत होते. का? वळणाच्या आधी रेडिओ मोकळा ठेवायचा, हे ब्रीफिंगमध्ये सांगितलेच नव्हते. इथे चूक विंगमनकडून सरकत लीडरकडे आणि लीडरकडून आखणीकडे आली. उद्याच्या ब्रीफिंगमध्ये एक वाक्य वाढते आणि चर्चा संपते. माणसाला बोल लावून थांबले असते तर विंगमन खजील झाला असता आणि चूक पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने केली असती.

अशा मोकळेपणाची खरी कसोटी मोठ्या आणि दुःखद चुकीच्या वेळी लागते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटवरील हवाई हल्ल्यानंतरच्या तणावात, काश्मीरमधील बडगाम येथे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. मृतांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. चौकशी झाल्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, असे जाहीरपणे सांगितले. युद्धजन्य परिस्थितीत, साऱ्या देशाचे लक्ष असताना, दलाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने असे सांगणे सोपे नसते. गेलेली माणसे त्याने परत येत नाहीत. पण मित्र आणि शत्रू ओळखण्याची यंत्रणा कुठे कोलमडली, हे शोधण्याचा रस्ता अशा कबुलीशिवाय उघडत नाही. नागरी जीवनातल्या किती संस्थाप्रमुखांनी इतक्या स्पष्टपणे अशी कबुली दिली, याचा विचार प्रत्येक वाचकाने आपापल्या गावापुरता करावा.

वैमानिकाइतकेच महत्त्व तंत्रज्ञाला आहे, आणि वऱ्हाडातल्या उद्योगांना ही बाजू अधिक जवळची वाटेल. उड्डाणाआधी वैमानिक ‘फॉर्म ७००’ या नोंदवहीवर सही करून विमान ताब्यात घेतो. त्याआधी प्रत्येक शाखेच्या तंत्रज्ञाची सही झालेली असते. सार्जंट किंवा कॉर्पोरल हुद्द्याच्या माणसाने सही केली नाही तर विंग कमांडरचे विमानही जागचे हलत नाही. हुद्दा मोठा असला तरी ती सही दुसरा कोणी करू शकत नाही. दुरुस्ती झाली की हत्यारे मोजतात. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, रिकामी आकृती दिसली की पाना विमानात राहिल्याचा संशय येतो आणि तो सापडेपर्यंत विमान अडते. धावपट्टीवर पडलेला खडा किंवा नट इंजिनात ओढला गेला तर पाती मोडतात. म्हणून माणसे ओळीने चालत धावपट्टी आणि विमाने उभी करण्याची जागा वेचून काढतात. या ओळीत अधिकारीही असतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी स्वतः खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. पुढाऱ्याने कचरा वेचण्यात कमीपणा नाही, ही शिकवण या भागात रुजलेली आहे. ती कारखान्याच्या दारातून आत का येत नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

जिनिंगचे उदाहरण घेता येईल. अकोला, अकोट, दर्यापूर, खामगाव या पट्ट्यात हंगाम सुरू झाला की कापसाच्या गाड्या जिनात येतात, कापसाचे ढीग लागतात, डबल रोलर जिनांवर रुई आणि सरकी वेगळी होते आणि रुईच्या १७० किलोंच्या गठाणी बांधल्या जातात. कापसाबरोबर एखादा खडा, खिळा किंवा तारेचा तुकडा यंत्रात गेला तर ठिणगी उडते. ती रुईत दबून राहते आणि काही वेळाने ढीग पेटतो. दुरुस्तीनंतर यंत्रावर राहिलेला नट हेच करतो. धावपट्टी आणि जिन या दोन्ही ठिकाणी धोका एकाच जातीचा आहे : भलत्या जागी पडलेली लहानशी वस्तू. ती सर्वांत आधी कोणाला दिसते? ढिगाजवळ काडीकचरा वेचणाऱ्या बाईला किंवा यंत्रात कापूस सोडणाऱ्या मजुराला. यंत्र थांबवा, असे म्हणण्याचा अधिकार बहुधा त्यांच्याकडे नसतो. जिन थांबले की उत्पादन बुडते, ओरडा बसतो, कधी मजुरीही कापली जाते. हवाई दलाची रीत इथे आणायची तर त्या बाईच्या शब्दावर जिन थांबले पाहिजे, आणि थांबवल्यानंतर काही सापडले नाही तरी तिला कोणी बोलता कामा नये. या नियमाचा उत्तरार्ध पाळणे पूर्वार्धापेक्षा अवघड आहे. विनाकारण थांबवले म्हणून एकदा टोमणा बसला की पुढच्या वेळी कारण असतानाही हात उठत नाही.

कनिष्ठाच्या गप्प राहण्याची किंमत विमानविद्येने फार मोठी मोजली आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. पुढच्या वर्षी पोर्टलंडजवळ एक विमान चाकांच्या बिघाडात गुंतून राहिले आणि इंधन संपून कोसळले. इंधनाबद्दल सहकाऱ्यांचे सांगणे कॅप्टनपर्यंत ठामपणे पोहोचलेच नाही. १९७९ मध्ये नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली आणि तिच्यातून ‘सीआरएम’ या संक्षेपाने ओळखले जाणारे प्रशिक्षण उभे राहिले. कॉकपिटमधल्या प्रत्येकाचे ज्ञान वापरायचे, शंका स्पष्ट शब्दांत मांडायची, ती मांडलेली ऐकायची, ही त्याची मूळ कलमे आहेत. हे प्रशिक्षण नागरी विमानसेवेत जन्मले आणि नंतर हवाई दलांनी आपले केले, हे मुद्दाम नोंदवायला हवे. लष्करातून नागरी सेवेत आलेल्या कॅप्टनांनी आपल्याबरोबर कौशल्य आणले तसा हुद्द्याचा दराराही आणला होता. सगळा शहाणपणा गणवेशातून बाहेर वाहिला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

महाराष्ट्राला चटका लावणारे उदाहरण अलीकडचे आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोविडच्या काळात परदेशी अडकलेल्यांना घेऊन दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले. विमानात १९० जण होते. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. कॅप्टन दीपक साठे यांचे कुटुंब नागपूरचे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले, हवाई दलात विंग कमांडर झालेले, चाचणी वैमानिक म्हणून काम केलेले ते नामवंत अधिकारी होते. अपघात चौकशी मंडळाच्या अहवालानुसार मुसळधार पावसात, पाठीमागून वारा असताना विमान धावपट्टीच्या जवळपास निम्म्यावर टेकले. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, अशी हाक दिली होती. ती हाक मानली गेली नाही, आणि सहवैमानिकाने नियंत्रण हातीही घेतले नाही. दोघांच्या अधिकारात पडलेली मोठी दरी आणि कनिष्ठाला न झालेले धाडस यांकडे अहवालाने बोट दाखवले. व्यवस्थेतील त्रुटींचाही उल्लेख केला. एका गुणी वैमानिकाला दोषी ठरवून या घटनेतून काही मिळत नाही. उत्तम कारकीर्द, लष्करी शिस्त आणि प्रशिक्षण सारे असूनही एका पावसाळी रात्री जुनी उतरंड परत येऊ शकते, हे मात्र त्यातून कळते. हाक दिली जाणे पुरेसे नाही. ती दिली गेल्यावर काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते, आणि ते वरिष्ठाच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

वऱ्हाडात ही उतरंड बोलण्यातूनच ऐकू येते. ‘साहेबाले कोन सांगन?’ हा प्रश्न कचेरीत, शाळेत, सहकारी संस्थेत रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर कोणी देत नाही. मोठ्यांपुढे उलट बोलू नये हा घरातला संस्कार, त्यावर जात, पैसा आणि शिक्षण यांचे थर, आणि नोकरी टिकवण्याची चिंता, हे सारे त्या एका प्रश्नात साठलेले असते. म्हणून ‘मोकळेपणाने बोला’ असे भाषणात सांगून काही होत नाही. कॉकपिटमध्ये धाडसाची वाट पाहत नाहीत. ठरलेले शब्द आणि ठरलेली वेळ देतात. सहवैमानिकाने अमुक उंचीवर अमुक आकडा मोठ्याने सांगायचाच असतो, मग कॅप्टन कितीही मोठा असो. धाडसाचे काम नियमावर सोपवले की साधा, भिडस्त माणूसही बोलतो.

वैद्यकशास्त्राने हे तत्त्व मनापासून उचलले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची १९ कलमी चेकलिस्ट प्रसिद्ध केली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी अशी तीनदा ती मोठ्याने वाचतात. दुसऱ्या थांब्यावर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका आपापले नाव व काम सांगतात, रुग्ण कोण आणि शस्त्रक्रिया कुठल्या अवयवाची हे पक्के करतात. शेवटी परिचारिका उपकरणे, सुया आणि कापसाचे बोळे मोजून जुळल्याचे सांगते; हत्यारांच्या फळीचीच ही शस्त्रक्रियागृहातली आवृत्ती. दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत घेतलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ वर आले. मात्र २०१४ मध्ये कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या शंभराहून अधिक रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात चेकलिस्ट सक्तीची केल्यावर लक्षणीय फरक दिसला नाही. कागद तोच होता. तो कसा राबवला गेला, शिकवायला किती वेळ दिला आणि वाचताना सर्जन खरोखर थांबला का, यावर बहुधा सारे अवलंबून असावे. अमरावतीच्या इर्विन आणि डफरीनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात अशी पद्धत बळकट करायची तर फॉर्म छापणे हा सोपा भाग आहे. परिचारिकेने ‘थांबा, एक बोळा कमी आहे’ म्हटल्यावर वरिष्ठ सर्जनने टाका घालणे थांबवणे, तेही बाहेर पुढचे चार रुग्ण ताटकळत असताना, हा खरा बदल. तो विभागप्रमुखाच्या वागण्यातूनच येतो.

वेळेच्या काट्यावर अनेक हात जुळवण्याची क्षमता या भागात आहे, याचा पुरावा रस्त्यावर पडलेला आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती जिल्ह्यातील लोणीपासून अकोला जिल्ह्यातील माना या दिशेने ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग डांबरीकरण करून पूर्ण झाली. १०५ तास ३३ मिनिटे लागली, ७२० माणसे राबली आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. डांबरमिश्रण गरम असतानाच अंथरून दाबावे लागते. प्लांट, टिपर, पेव्हर आणि रोलर यांतला एक दुवा मागे पडला तर मिश्रण थंड होते आणि सलगता तुटते. जूनच्या उन्हात, पाळ्या बदलत, चार दिवस हे चालले. इथे हवाई दलाची पद्धत वापरली असा दावा नाही. पण आखणी नेमकी असणे, प्रत्येकाला शेजारच्या दुव्याचे काम ठाऊक असणे आणि अडचण तत्काळ वर कळणे, यांवाचून असे काम होत नाही. विक्रमासाठी जी काळजी घेतली गेली ती रोजच्या तालुका रस्त्यांच्या कामात का दिसू नये? विक्रमाला उद्दिष्ट एकच होते, मोजमाप स्पष्ट होते आणि शेवट ठरलेला होता. रोजच्या कामाला हे तिन्ही मिळवून देणे नेतृत्वाच्या हातचे आहे.

संघाच्या अंगाने वाढणाऱ्या परंपराही येथे जुन्या आहेत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. मल्लखांबावरील आणि जमिनीवरील मनोऱ्यांत वर चढलेल्याची सुरक्षितता तळाच्याच्या खांद्यांवर असते, आणि तळातून आलेली हाक वरच्याने तिथल्या तिथे ऐकायची असते. अकोला जिल्ह्यातील पिंजरचे संत गाडगेबाबांच्या नावाचे शोध व बचाव पथक नद्या, विहिरी आणि धरणांत बुडालेल्यांसाठी पाण्यात उतरते. ते स्वयंसेवकांचे आहे. मेळघाटात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्या काळात जाळरेषा सांभाळणारा वनरक्षक आणि हंगामी अग्निरक्षक यांच्या डोळ्यांवर सारे जंगल अवलंबून असते. अशा पथकांना डीब्रीफिंगची पद्धत सर्वांत लवकर लागू पडेल. त्यांचे काम सॉर्टीसारखेच आहे : ठरावीक वेळी सुरू होणारे, संपणारे, जिवावरचे, आणि एकाच चमूने पुन्हा पुन्हा करायचे. मोहीम आटोपून ओले कपडे वाळण्याआधी पंधरा मिनिटे बसून कोणता दोर अपुरा पडला, कोणाचा इशारा कळला नाही, हे टिपून ठेवले तर पुढच्या पावसाळ्यात ते वहीतून वाचता येईल. आज हा अनुभव जाणत्या दोन-तीन माणसांच्या डोक्यात असतो आणि त्यांच्याबरोबर निघून जातो.

ही पद्धत सर्वत्र सारखी चालेल, असे मात्र मानू नये. हवाई दल आपल्या माणसांचा बहुतेक वेळ सरावावर खर्च करते. सरकारी रुग्णालय किंवा शाळा सारा वेळ प्रत्यक्ष कामात असते आणि मनुष्यबळ अपुरे असते. वर्गातल्या तासाचा परिणाम दहा वर्षांनी दिसतो, त्यामुळे शिक्षकाला चित्रफितीसारखा पुरावा मिळत नाही. बाजार समितीसारख्या संस्थेत अडते, व्यापारी, हमाल आणि शेतकरी एकाच यार्डात असले तरी त्यांचे हित एक नाही. एका विमानातल्या माणसांना जे सहज मान्य असते ते इथे आधी वाटाघाटीने ठरवावे लागेल. शिवाय लष्करात बदली होऊन आलेला नवा वैमानिक पहिल्या दिवसापासून तीच भाषा बोलतो. कार्यालयात साहेब बदलला की त्याची पद्धत त्याच्याबरोबर जाते.

सर्वांत मोठा अडथळा शिक्षेच्या भीतीचा आहे. सरकारी यंत्रणेत चूक लेखी मान्य केली की ‘कारणे दाखवा’ नोटीस येते, खाजगी ठिकाणी पगार कापला जातो किंवा माणूसच काढला जातो. या स्थितीत डीब्रीफिंगची वही ही कबुलीजबाबाची वही ठरेल आणि आठवड्यात कोरी पडेल. विमानविद्येने हा प्रश्न ओळखून त्यावर व्यवस्था केली. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक, नियंत्रक आणि तंत्रज्ञ आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रसंग नासाकडे गोपनीय रीतीने कळवू शकतात. नियम मोडणाऱ्यावर कारवाई करणारी संस्था वेगळी आहे, आणि अनवधानाने घडलेली चूक वेळेत कळवणाऱ्याला मर्यादित संरक्षण मिळते. हेतुपुरस्सर केलेल्या गुन्ह्याला किंवा बेफिकिरीला माफी नाही. हवाई दलातही रोजचे डीब्रीफिंग आणि गंभीर अपघातानंतरची चौकशी या निराळ्या गोष्टी आहेत. वऱ्हाडातल्या ज्या संस्थेला सुरुवात करायची आहे तिने ही विभागणी आधी लेखी करावी : शिकण्यासाठीच्या चर्चेतले काय बाहेर जाणार नाही, कोणती बाब चौकशीकडे जाईल आणि हे ठरवणार कोण. मग एकच काम निवडावे, स्पष्ट शेवट असलेले आणि वारंवार होणारे. एखाद्या शस्त्रक्रियागृहाची सकाळची पाळी, एका जिनची रात्रपाळी किंवा बचाव पथकाची मोहीम. चर्चेची वेळ कामाच्या तासांतच धरावी, कारण पाळी संपल्यावर थांबवून घेतलेल्या चर्चेत घरी जायच्या घाईने कोणी खरे बोलत नाही. पहिले काही महिने फक्त प्रमुखाने आपल्या चुका सांगाव्यात आणि इतरांकडून काही मागू नये. बोलल्यावर काही होत नाही, याची खात्री लोक तेवढ्या काळात करून घेतात.